कॅमेऱ्यालाच दिसणारा काळा पट्टा

मंडळी, आज दुपारी आधी चिडले आणि मग थक्क झाले.

निवृत्तीनंतर मी घरी बायकांना कॉम्प्युटर शिकवते. आज पनवेलचे केबलवाले त्याचं शूटिंग करायला आले. "त्या डब्यावर भाकऱ्या भाजणार काय?" असं विचारणाऱ्या आपल्या सासूला माझी विद्यार्थिनी, गव्हाण गावची यमुना, टीव्हीवर स्वतःचं नाव टाइप करून दाखवणार होती.

कॅमेरामन म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटर खराब आहे. पट्टे फिरतायत."

"खराब तुमचा कॅमेरा असेल," मी म्हणाले.

त्याने पंखा, ट्यूबलाइट सगळं बंद करून पाहिलं. शेवटी म्हणाला, "पडदा नको, नुसते चेहरे घेऊ." यमुना रडवेली झाली.

मी कॅमेऱ्यात डोकावले. यमुनाच्या नावावरून खरंच काळा पट्टा सरकत होता. नुसत्या डोळ्यांना मात्र पडदा अगदी स्थिर.

पुण्यातल्या इंजिनिअर लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, तुझ्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरचा पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने उजळतो, टीव्हीचा कॅमेरा चित्र टिपतो पन्नास वेळा. सेटिंगमध्ये साठचे शंभर कर, पन्नासच्या बरोबर दुप्पट, म्हणजे दोघांचा ताल जुळेल."

केलं. पट्टा गेला, नाव उरलं.

"आता म्हातारी नाय म्हनून दाखवू दे," यमुना म्हणाली.

कॉन्व्हेंटातल्या नन सांगायच्या, आपल्याला दिसत नाही ते देवाला दिसतं. कॅमेऱ्यालाही दिसतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. रोज ज्या पडद्यासमोर बसते तो सतत विझतो-पेटतो, आणि माझ्या डोळ्यांनी मला कधी कळू दिलं नाही. तुमच्या डोळ्यांनी तुमच्यापासून काय लपवलंय?