विटांच्या ओळीवरचं रोप

मोठ्या काकूला स्वप्नं पडतात तीही बियांची. दुपारी आरामखुर्चीत तिचा डोळा लागला की अंगठा आणि तर्जनी हलू लागतात, काहीतरी बारीक उचलून बाजूला ठेवतात. झोपेतसुद्धा या बाईला सुट्टी नाही.

बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत तिने चौतीस वर्षं हेच केलं. खिडकीजवळचं टेबल, पांढऱ्या कागदावर पसरलेला चिमूटभर नमुना, भिंग आणि चिमटा. चांगलं बी उजवीकडे, तणाचं डावीकडे. तिथे सगळे तिला भिंगबाई म्हणत, तेही तोंडावर, कारण तिला ते आवडायचं. निवृत्तीनंतर भिंग आमच्या बागेत आलं. मातीतून दोन पानं वर आली की ती रोपाचं नाव सांगायची. तण असलं तर तिसरं पान फुटायच्या आत ते मुळासकट बाहेर. लहानपणी मी तिच्यासमोर जरा सरळच उभी राहायचे.

आमचं घर एक, दारं दोन आणि मागची फुलबाग एकच. एका दारात काका-काकू, दुसऱ्यात आई, बाबा आणि मी. बागेच्या मधोमध विटांची ओळ आहे, ती सहा वर्षांपूर्वी आली. त्या साली माझी आजी, म्हणजे आईची आई, गेली. आईने माहेरच्या अंगणातून एका फुलाचं बी पुडीत बांधून आणलं. तळहाताएवढं जांभळं फूल असायचं ते. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आईने सगळी पुडी वाफ्यात पेरली आणि कुणापाशी बोलली नाही, बोलताना रडू येईल म्हणून. काही दिवसांनी काकूने तो वाफा साफ केला.

"तण होतं ते," काकू म्हणाली.

"नव्हतं. माझ्या आईच्या अंगणातलं होतं," आई म्हणाली.

एवढंच बोलणं झालं, त्याच वाफ्यावरून विटांची ओळ आखली गेली आणि अबोला सुरू झाला. दोघे भाऊ मात्र रोज सकाळी एकाच बाकावर बसून चहा पितात. आपल्या बायका एकमेकींशी बोलत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलंय की नाही, देव जाणे. निरोप्याचं काम माझ्याकडे. "तुझ्या काकूला सांग, मागचा नळ गळतोय." "तुझ्या आईला सांग, मला कान आहेत."

मग यंदा त्या विटांच्या फटीत एक रोप उगवलं.

मी वरच्या खोलीत खिडकीशी बसून काम करते. सकाळी बागेवर धुकं असतं, कुंपण दिसेनासं होतं, आणि खाली चाललेलं सगळं जरा लांबचं, दुसऱ्या कुणाचं वाटतं. त्या धुक्यात मला आई दिसली. विटांजवळ उकिडवी बसली होती, हातात पाण्याचा तांब्या. दोन पानं, कडा किंचित दातेरी, अंगावर लव, हे नंतर तिच्याकडूनच कळलं. वर येऊन तिने मला विचारलं, "बी मातीत किती वर्षं टिकतं गं?"

मला काय ठाऊक! ज्या बाईला ठाऊक होतं ती चार पावलांवर राहत होती, पण तिला विचारणार कोण?

थोड्या वेळाने काकू बाहेर आली. ओल्या मातीकडे तिने पाहिलं, मग भिंग काढून बराच वेळ ओणवी राहिली. माझा जीव टांगणीला लागला. पण तिने रोप उपटलं नाही. भोवतालचं गवत तेवढं काढलं आणि आत गेली.

तिसरं पान आलं, चौथं आलं, रोप जागेवरच. "भिंगबाईंची नजर चुकत नाही," आई म्हणाली. सहा वर्षांत काकूबद्दल निघालेला हा पहिला बरा शब्द. तण असतं तर काकूने ठेवलंच नसतं, हा हिशोब आईनेही केला आणि मीही. सकाळी आई इकडून पाणी घालायची, संध्याकाळी काकू तिकडून. एवढे लाड माझेही कुणी केले नव्हते. ते दिवस अर्धवट झोपेत असल्यासारखे गेले. काम करता करता माझे डोळे मिटत आणि सगळी बाग जांभळी दिसे, आणि तिच्यात आजी, पाठमोरी, काहीतरी खुडत असलेली. फूल आलं की अबोला सुटणार, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं.

कळीला जांभळट रंग चढला तेव्हा आईचं जेवणात लक्ष लागेना. आणि एका सकाळी फूल उमललं. शर्टाच्या बटणाएवढं, तंतूंचा बारीक गोंडा. आईने शेजारचं पान बोटांत धरलं, ते चुरगळलं, आणि उग्र वास सुटला. ती तशीच बसून राहिली. मी धावत खाली आले, तोवर काकू आपलं स्टूल घेऊन तिथे पोचली होती.

"ओसाडी आहे, तण," काकू म्हणाली. "बी काळं असतं, डोक्यावर पाच पांढरे खवले. रस्त्याकडेला हवी तेवढी उगवते."

आईने मान वर केली. "कधी कळलं?"

"दोन पानांवर."

"मग उपटली का नाहीत?"

मध्ये मी उभी होते, पण कुणी मला निरोप सांगत नव्हतं.

"तू पाणी घातलं होतंस." काकूने भिंग पदराने पुसलं, उगाचच. "तुझ्या आईची रोपं उपटली ना, तेव्हा मुळं हातात आल्या आल्या समजलं होतं. तण नव्हतं ते. काय होतं ते मला ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याची लाज वाटली, म्हणून तण म्हटलं."

आईने चुरगळलेलं पान खाली टाकलं. धुकं विरलं होतं, बाग नेहमीएवढीच छोटी दिसत होती.

"ताई, तेव्हाच सांगितलं असतंत आणि मी ती रोपं लगेच परत लावली असती, तर जगली असती?"

काकूला खोटं बोलता आलं असतं. मला तर वाटत होतं, तिने बोलावंच.

"जगली असती," ती म्हणाली.

आई उठून आत गेली नाही. तिथेच मातीत बसून, काकूच्या देखत, ती आजीसाठी मोठ्याने रडली.