चऱ्यावर खोबरेल

आज लेकाच्या खरचटलेल्या गुडघ्याला खोबरेल लावलं, आणि त्या वासासरशी मी पोलादपूरच्या डोंगरावर, माहेरच्या ओटीवर जाऊन बसले.

मुंबईहून दादाने सीडी प्लेअर आणला आणि त्याच वर्षी दादा देवाघरी गेला. मागे उरली त्याच्या लग्नाची सीडी. रिमोटवरची बटणं आयेला मीच शिकवली.

"पॉज म्हंजी काय गो?"

"चित्र थांबतं, आये."

मग हळदीत दादा हसला की ती त्याला तिथेच थांबवायची आणि बघत बसायची. पुढे सीडीवर चरा पडला. नेमकं ते हसूच अडकू लागलं. आयेने सीडी मांडीवर घेतली आणि चऱ्यावर हलकेच खोबरेल लावलं.

"असं नाय करायचं, आये!" मला वाटलं, हिला सीडीतलं काहीच कळत नाही.

"लागलंय गो त्याला," म्हणाली, आणि तिने फुंकर घातली.