गाडीतली न्हाणी

रामेश्वरला जायचं, हे मायचं बोलणं मला कळायला लागल्यापासूनचं. आणि जायचं खरंच ठरलं तेव्हा घरात सगळ्यांत आधी ‘मला न्हाई यायचं’ म्हणाली ती मायच.

तेव्हा मी बी.ए., डी.एड. होऊन कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेवर शिक्षणसेवक म्हणून लागले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पोरीला कशाला एवढं शिकवता, हे गावाचं बोलणं बाबांनी वर्षानुवर्षं ऐकून घेतलं, पण शेळ्यांमागं जायला लावून माझी शाळा कधी बुडवली नाही. माझा थोरला भाऊ, दादा, हिंगोली-कळमनुरी रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. गाडी घरचीच. दिवाळीच्या सुट्टीत पॅसेंजर बंद ठेवायचे आणि आम्ही चौघांनी त्याच गाडीतून हैदराबाद, तिरुपती करत रामेश्वर गाठायचं, असं बाबांनी ठरवलं. लॉजवर उतरायचं नाही. जिथं बरं झाड दिसेल तिथं थांबायचं, रांधायचं, खायचं आणि तिथंच पाठ टेकायची.

बाबांना खळ्यावर मुक्काम करायची सवय. त्यांनी गाडीचं कामही तसंच काढलं. मागच्या दोन लांब बाकड्यांपैकी उजवं सोडवून घरात ठेवलं आणि त्या जागी फळ्या ठोकल्या. फळ्यांवर वाकळा. फळ्यांखाली रॉकेलचा स्टोव्ह, ज्वारीच्या पिठाचा डबा, डाळ, तिखट, कांदे. पुढच्या सीटमागं पाण्याचा ड्रम, त्याला खाली तोटी. ताडपत्रीची एक कड टपावरच्या कॅरिअरला बांधायची आणि दुसरी दोन बांबूंवर ताणायची, म्हणजे झाला मांडव. दादानं बॅटरीवरून वायर ओढून मागं एक बल्ब लावला होता, आणि जो कोणी ओट्यावर येईल त्याला तो लावून दाखवायचा.

या सगळ्यात माय एकेक अडचण काढत होती.

‘शेळ्या कोण बघंल?’

‘काका बघंल. म्या बोललो त्याला,’ बाबा म्हणाले.

‘माझे गुडघे दुखून राहिले.’

‘गुडघ्यानं चालत जायचं हाय का?’ दादा म्हणाला. ‘गाडीत महाराणीवानी आडवी पड.’

‘मला गाडी लागती.’

‘कवापासून? बाजाराला जाताना तर कवा लागली न्हाई.’

अडचण सुटली की माणसाला बरं वाटतं. मायचं उलटं होत होतं. एक अडचण सुटली की तिचं तोंड आणखी उतरायचं. मला वाटलं, घर सोडून इतक्या लांब जायची भीती असेल. तिचा जन्म हिंगोली आणि औंढ्याच्या मधे गेलेला. मी तिला नकाशा काढून दाखवला. शाळेतल्या मुलांना समजावते तसं समजावलं. ती मान हलवत राहिली.

नव्या सोयीनं गाडी कशी चालते ते पाहायला आम्ही एक दिवस सिद्धेश्वरला धरणावर गेलो. खाली झाडाखाली मांडव ताणायचा सराव केला. बाबा मोठ्या ऐटीत बांबू रोवत होते आणि पहिलाच वारा आला तशी अख्खी ताडपत्री त्यांच्या अंगावर आली. आतून आवाज आला, ‘काढा रे मला!’ दादा पोट धरून हसायला लागला. मायही हसली. हसताहसता एकदम थांबली, दोन्ही पाय जवळ घेऊन उभी राहिली आणि मग पलीकडं झुडपांकडं निघून गेली. माझी माय फार हसत नाही, असं सगळे म्हणायचे. तिचा स्वभावच तसा, असं मीही धरून चालले होते.

घरी आल्यावर सगळ्यांच्या आधी ती मागच्या वाकळा घेऊन उतरली आणि हौदावर धुवायला बसली.

‘आत्ताच काहून धुतीस?’ मी विचारलं.

‘ड्रमातलं पाणी सांडलं.’

ड्रम आम्ही रिकामाच नेला होता.

मी तिच्याजवळ बसले. ती वाकळ आपटत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘तू पोटात व्हतीस ना, तवापासून हाय हे. खोकलं, हसलं, काही जड उचललं की व्हतं. गाडीनं गचके देले की आवरतच न्हाई.’

माझं वय तेव्हा पंचविशीला आलेलं. एवढी वर्षं तिच्या अंगाला अंग लावून झोपले, एका न्हाणीत न्हाले आणि मला माहीत नव्हतं. शाळेत मी आरोग्याचा तास घ्यायची. हात धुवा, नखं कापा, पाणी उकळून प्या.

‘डॉक्टरला दाखवू,’ मी म्हणाले.

‘गड्यामाणसाला? काय दाखवू?’ ती म्हणाली. ‘अन् तुझ्या बापाला सांगशील तर माझी शपथ हाय तुला. म्या घरीच बरी. तुमी जाऊन या.’

तिच्या अडचणीला उपाय होता, तो फक्त बोलून दाखवायचा होता. गाडीत डाव्या कोपऱ्यात एक पडदा, खाली पत्र्याला भोक, त्याला पाइप. घरात न्हाणी असते तशी गाडीत न्हाणी. पण गाडीचा पत्रा कापायचा म्हणजे दादाला सांगणं आलं. दादाला सांगायचं म्हणजे कुणासाठी हेही सांगणं आलं.

मी दादाला म्हणाले, ‘मला पायजे. मला फार वेळ थांबायला जमत न्हाई.’

तो लाल झाला. स्टेअरिंगवरची धूळ पुसत म्हणाला, ‘बरं. करू.’ याच्यापुढं त्यानं विचारलं नाही. तसा तो भला.

वेल्डिंगचं दुकान हिंगोलीच्या रस्त्याला होतं. दादानं मला बरोबर घेतलं, जागा दाखवायला. दुकानाचे मालक वयस्कर होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं.

‘पत्रा कापला की परत जुळत न्हाई, बेटा. काहून पायजे भोक?’

‘पाणी जायला,’ दादा म्हणाला.

‘कायचं पाणी? पिण्याचं का भांड्याचं? त्यावर पाइप ठरंल.’

दादानं मान खाजवली. तिथं आणखी दोन जीपवाले चहा पीत बसले होते. त्यातला एक म्हणाला, ‘काय राव, गाडीत न्हाणी काढून राहिला का? मंग बंब बी बशीव. पॅसेंजरला आंघोळ घालूनच उतरव.’

दुसरा म्हणाला, ‘साबण पॅसेंजरचा का तुमचा?’

सगळे हसले. दादाही कसनुसा हसला, आणि त्याला काय सुचलं, माझ्याकडं बोट करून म्हणाला, ‘मला काय इचारता? हिला इचारा. हिचं काम हाय.’

वेल्डिंगची ठिणगी थांबली. हातोडी थांबली. मी साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता, हातात पर्स होती, आणि त्यातल्या एका जीपवाल्याची पोरगी शाळेत माझ्याच हाताखाली शिकत होती. मी म्हणाले, ‘बायामाणसाची सोय करायची हाय. लांबचा प्रवास हाय. मला तकलीफ हाय.’

 चाचा म्हणाले, ‘बराबर,’ आणि पाइप शोधायला आत गेले. जीपवाल्यांनी कप खाली ठेवले आणि रस्त्याकडं तोंड केलं. माझे कान इतके तापले होते की पुढचं त्यांचं कुजबुजणं मला नीट ऐकू आलं नाही. काम होईपर्यंत मी गाडीच्या मागं उभी राहून पाटीवरचा नंबर वाचत राहिले.

घरी बाबांनी भोक पाहिलं. दादानं हळूच सांगितलं, कुणासाठी. बाबा माझ्याकडं बघून म्हणाले, ‘शाळेत सोय नसती ना. दिवस दिवस धरून बसावं लागतं. त्यानं व्हत असंल,’ आणि स्वतः जाऊन पडद्यासाठी तार आणली. मायनं जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. शिवताना तिनं एकदाही वर पाहिलं नाही. पण पडदा तारेवर चढल्यावर ती आत जाऊन बसली, बाहेर आली आणि तिनं आपलं गाठोडं बांधायला घेतलं. त्या दिवशी मला मी फार मोठं काम केलं असं वाटलं.

काळीपिवळीच्या लायनीवर बातमीला तिकीट लागत नाही. गावोगावच्या स्टँडवर ती उतरत गेली. मास्तरीणबाईला लघवीचा आजार आहे, गाडीला भोक पाडलंय. शाळेत सुट्टीच्या आधीच्या दिवशी सहकारी बाईंनी मला विचारलं, ‘साखर तपासली का गं?’ इथपर्यंत मी निभावलं. पण त्याच दिवाळीच्या तोंडावर आत्यानं माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलगा नोकरीला, घर सुशिक्षित, मला पाहून गेलेले, पसंती आलेली. बैठक आम्ही परत आल्यावर व्हायची होती. मला ते घर आवडलं होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते.

निघायच्या सकाळी शेजारच्या बाया हळदकुंकू घेऊन आल्या. दादानं चाकाखाली नारळ फोडला. बाबा टपावर चढून दोर आवळत होते. तेवढ्यात आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, शेजारच्याच गावात दिलेली. तिनं ना कुंकू लावलं ना पाणी मागितलं.

‘वैनी, पोरीला असला आजार हाय तर आधी सांगायचं ना. पावण्यांनी काल इचारलं मला. म्या काय तोंड दाखवू?’

माय म्हणाली, ‘काय इचारलं?’

‘आता ते बी म्याच सांगू? साऱ्या रस्त्याला ठाऊक हाय. लग्नाच्या पोरीचं असं व्हय? अन् वरून गाडीत करून घेतलं, गाजावाजा करून!’

बाया कुंकवाचे करंडे धरून तशाच उभ्या. मी खाली बघत होते. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, की प्रवासापुरती सोय आहे, आजार नाही. ते बाहेर येईना. मी उगाच पदराचं टोक पिळत होते.

‘तिला काही न्हाई,’ माय म्हणाली. ‘मला हाय.’

‘वैनी, पोरीला वाचवायला—’

‘वाचवत न्हाई. खरं सांगून राहिले. ही पोटात व्हती तवापासून हाय. तुझ्या भावाला बी ठाऊक न्हाई. लुगडी धुऊन धुऊन म्या लपवलं. भोक माझ्यासाठी हाय. जाय, सांग तुझ्या पावण्यांला. सून म्हणून मला न्यायचं न्हाई त्यांला.’

टपावर दोर आवळायचा आवाज थांबला. वर बघायची माझी हिंमत झाली नाही.

आणि त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. माझी माय भर अंगणात, सगळ्या बायांसमोर, नवऱ्यासमोर उघडी उभी होती, आणि मला हलकं वाटत होतं. स्थळ मोडत नाही, हे मला तिच्या आधी कळलं. अजूनही ही आठवण आली की मी जिथं असेन तिथं कशात तरी हात घालते, भांडं घासते, घड्या घालते.

आत्या खाली बसली. ‘मंग तसं आधी सांगायचं ना वैनी,’ म्हणाली, आणि तिनं कुंकू मागून घेतलं. बायांमधली एक वयस्कर शेजारीण पुढं आली. ‘कुठं हाय ते? बघू दे बरं,’ म्हणाली आणि दादाचा हात धरून गाडीत चढली. तिच्यामागं दुसरी चढली. आतून विचारणं सुरू झालं, पाणी कसं टाकायचं, उडत न्हाई का अंगावर, पडदा वाऱ्यानं उडाला तर? माय आत जाऊन त्यांना दाखवत होती. दादा इंजीन सुरू करायचं विसरून बोनटजवळ उभा होता. बाबा खाली उतरले ते उलट्या बाजूनं.

पुढं ते स्थळ जमलं. माणसं चांगली निघाली. आज मी त्याच घरात आहे.

नांदेड मागं पडलं. देगलूरच्या पुढं एका लिंबाखाली पहिला मुक्काम टाकला, दुपारच्या जेवणाचा. माय गाडीत होती, पडदा ओढलेला होता. दादा टायर बघायच्या निमित्तानं लांब गेलेला. बाबा चुलीला तीन दगड मांडत होते, स्टोव्ह असूनही.

‘तुला कवा कळलं?’ त्यांनी विचारलं.

‘सिद्धेश्वरहून आलो तवा.’

त्यांनी एक दगड उचलला, पुन्हा तिथंच ठेवला. ‘एका घरात राहून मला न्हाई कळलं,’ ते म्हणाले. मग काटक्या मोडत म्हणाले, ‘अन् तू सोतावर घेतलंस. साऱ्या लायनीचं बोलणं खाल्लंस. लोक म्हणत व्हते पोरीला कायला शिकवतो. आज त्यांला बोलावून सांगावं वाटतं, ह्याच्यासाठी शिकवली.’

त्यांचे डोळे भरले होते. माझ्या आयुष्यात त्यांनी माझं असं तोंडावर कौतुक तेवढंच केलं. मी त्यांना सांगू शकले असते, की अंगणात मी गप्प होते, आणि माय बोलली तेव्हा मला बरं वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला मोडवेना, आणि ते माझ्याकडंच राहावं असंही वाटत होतं.

आतून मायनं पडदा सारला. ‘पीठ मळलं का गं?’ तिनं विचारलं.

‘मळते,’ मी म्हणाले, आणि परात घेऊन दोघांकडंही पाठ करून बसले.