संमतिपत्राचं मोठ्यानं वाचन

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. लातूरकडच्या आमच्या गावात कुणाचाही फॉर्म असो, भरायला माझ्याकडेच यायचा. बँकेनं लखनौला पाठवलं, तिथं मधुमेहानं माझी मर्दानगी बंद पाडली आणि वर लिंगाला बाकही आणला. तेव्हा हाच ग्रॅज्युएट तिथल्याच अमीनाबाद बाजाराच्या गल्लीतल्या ‘खानदानी’ दवाखान्याची पुडी तीन महिने गिळत होता. पुडीनं पोट तेवढं साफ झालं. बायकोला घोरण्याचं कारण सांगून मी दोन वर्षं हॉलमध्ये झोपलो.

शेवटी सर्जन गाठला. त्यानं समजावलं: एक छोटा छेद, आत दोन नळ्या, अंडकोशाच्या पिशवीत पंप. पंप दाबला की ताठरता येते, बाकही त्याच वेळी काढतात, दुसऱ्या दिवशी घरी.

“मिसेज़ को साथ लाइए.”

“वो सातवीं पास हैं,” मी म्हणालो.

“तो?”

घरी सगळं सांगितलं. तिनं निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “मला वाटायचं, माझाच कंटाळा आलाय तुम्हाला.”

दवाखान्यातलं संमतिपत्र इंग्रजीत होतं. “मराठीत वाचून दाखवा,” ती म्हणाली, “गाळायचं काही नाही.” इथं मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर मी खणखणीत वाचू लागलो. लिंग, पंप, ऑपरेशन हे शब्द हिंदीतही तेच, हे डोक्यातच आलं नाही. समोर बसलेल्या पेशंटांची वर्तमानपत्रं हळूहळू खाली आली.

एक ओळ मी गाळली.

“बोट तिथं का अडकलं?”

वाचावीच लागली. एकदा हे बसवलं की नैसर्गिक ताठरता परत येत नाही.

“आत्ता तरी कुठं येतेय?” ती म्हणाली.

शेजारचे सफारीवाले गृहस्थ जवळ सरकले. “भाईसाहब, ये लाइन ज़रा हिंदी में सुना दीजिए. हमारा भी यही मसला है. घर में हर्निया बताया है.”

मी घसा साफ केला, तोवर बायकोच बोलली. “भाईसाब, लाइन बाद में सुनो. पहले घर में सच बताओ. वो बेचारी सोचती होगी, कमी उसी में है.”

 

तिनं माझ्या खिशातलं पेन काढलं. “सही कुठं करायची?”

मी जागा दाखवली.