सीलबंद पाणी

खिडकीच्या कठड्यावर माझा डबा होता. वरची फॉइल तशीच. कुणी तिचा कोपरासुद्धा उचकटला नव्हता.

मी तो उचलून मधल्या टेबलाकडे निघाले. मंडळ चालवणाऱ्या मंजिरीताईंनी हात आडवा केला. हसत.

"अगं, राहू दे तो तिकडेच. तू पाणी आणलंस ना? गेनाऊ, बरोबर. तेवढं पुष्कळ झालं."

मधल्या टेबलावर मसालेभात होता, अळूचं फदफदं होतं, मोदक होते. मिहिरने आणलेला शिरा होता, खाली लागलेला, जळका वास येणारा. मिहिर माझ्यासारखाच इथल्या विद्यापीठात शिकतो, माझ्यासारखाच एकटा राहतो. त्याच्या शिऱ्याभोवती बायका जमल्या होत्या.

"बिचाऱ्याने स्वतः ढवळलाय हो!"

"मग आता मुली बघायला हरकत नाही."

सगळे हसत होते. जळका शिरा संपत होता. माझ्या पाटवड्या खिडकीत.

हे गेल्या वर्षीचं, ब्राउनश्वाइगमधलं आहे. जर्मनीतलं. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातलं, चर्चकडून भाड्याने घेतलेल्या हॉलमधलं. मंडळात बहुतेक इंजिनीयर, गाड्यांच्या कारखान्यांत नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. पुण्या-मुंबईची शिकलेली, चांगली माणसं. चांगली, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मी तापाने पडले होते तेव्हा मंजिरीताईंनी औषधं आणून दाराशी ठेवली होती. दाराशी. तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं.

माझं घर जालन्याचं. घरात पुस्तकं नव्हती. पुस्तिका होत्या. जयंतीला मैदानाच्या कडेला स्टॉल लागायचे, तिथून बाबा आणायचे. पातळ, पिना मारलेल्या, बोटांना शाई लागायची. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली बसून बाबा मोठ्याने वाचायचे आणि आई भांडी घासता घासता ऐकायची. एक पुस्तिका अमेरिकेतल्या काळ्या माणसांवर होती. गुलामी कायद्याने संपली, मोठमोठे कारखाने आले, तरी पाण्याचे नळ दोन. एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. बाबा तिथे थांबले. आईच्या हातातलं भांडं थांबलं.

"तिकडंबी?" आई म्हणाली.

एवढंच म्हणाली. लहानपणी ती विहिरीवर ओंजळ धरून उभी राहायची. कुणीतरी वरून धार धरेपर्यंत. कुणी धरली नाही तर तशीच परत.

मी आज त्याच अमेरिकेवर प्रबंध लिहिते आहे.

मंडळात पहिल्यांदा गेले ती मराठी ऐकायला. आठवडा आठवडा कानावर मराठी पडत नसे. मंजिरीताईंनी आडनाव विचारलं. त्यावरून त्यांना काही कळेना. मग गाव विचारलं. मग अगदी प्रेमाने विचारलं, "तुमच्याकडे किती दिवसांचा असतो गं गणपती?"

"आमच्याकडे बसत नाही."

"अच्छा," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "अच्छा."

मंडळात प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा अशी पद्धत. मला ताई म्हणाल्या, "तू एकटी, कुठे रांधत बसणार? तू पाणी आण." पुढच्या वर्षीही पाणी. बाटल्यांच्या पेट्या मी ट्रॅममधून ओढत न्यायचे. हातांना वळ उठायचे. मी आईला फोनवर सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुझ्या हातचं पाणी पितात?"

"हो, पितात की."

"सगळे?"

"सगळे."

तिने ते गल्लीत सांगितलं. माझ्या लेकीला पाणी वाटायचं काम आहे म्हणून. मी शिकायला परदेशी गेले याचा तिला आनंद होता, पण हे तिला त्याहून मोठं वाटलं. मलाही थोडं वाटलं.

गेल्या वर्षी ताईंनी मला भाषण करायला सांगितलं. माझ्या विषयावर, सोप्या मराठीत. मी खूश झाले. म्हटलं, आता आपण पुरत्या मंडळातल्या झालो. म्हणून पाण्यासोबत पाटवड्याही केल्या. आईला व्हिडिओवर समोर बसवून. "बेसन घोटत राहा, हात थांबवू नको," ती तिकडून ओरडत होती. वरून खोबरं, कोथिंबीर.

भाषण जेवणाआधी झालं. मी सांगितलं, कापसाच्या शेतांतली काळी माणसं गाडीत बसून उत्तरेच्या कारखान्यांकडे कशी गेली. तिथे त्यांना भट्टीपुढचं काम कसं मिळालं, जे दुसरं कुणी करत नव्हतं. युद्ध आलं की हात कमी पडायचे, मग दारं उघडायची. युद्ध संपलं की तीच दारं तोंडावर. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे सैनिक इथे आले, या जर्मनीत, रक्तावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांशी लढायला. आणि ज्या सैन्यातून आले त्याच सैन्यात त्यांची पलटण वेगळी, जेवणाची जागा वेगळी. लढाई संपल्यावर इथल्या काही गावांत त्यांना हरलेल्या जर्मनांशेजारी बसून बिअर प्यायला मिळाली. आणि जिंकून घरी गेले, तर घरी पुन्हा दोन नळ.

पहिल्या रांगेत मंजिरीताईंच्या सासूबाई बसल्या होत्या, पुण्याहून आलेल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले. "माणसाला पाण्यापासून तोडायचं? कुठे फेडतील ही पापं!"

मागून एका काकांनी विचारलं, "पण इतकी वर्षं त्यांनी सहन का केलं?"

"सहन नाही केलं," मी म्हणाले. "लढत होते. बघणाऱ्यांना दिसलं नाही."

टाळ्या पडल्या. खूप.

आणि मग जेवण. आणि तो खिडकीतला डबा.

"का राहू दे?" मी ताईंना विचारलं.

"अगं, आमच्या सासूबाई आल्यात ना यंदा. त्यांचं जरा... कळतं ना तुला."

"नाही कळत. सांगा."

त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ केला. "हे बघ, आम्ही काही मानत नाही. मी तर मुळीच नाही. पण मंडळात सगळ्या प्रकारची माणसं. म्हणूनच तर, आल्झो, म्हणजे बघ, मी पहिल्यापासून तुला पाणीच सांगत आले ना? सीलबंद. म्हणजे कुणाचा प्रश्नच येत नाही. तुलाही वाईट वाटायला नको."

सीलबंद.

माझ्या हातचं पाणी कुणी प्यालंच नव्हतं. कारखान्यात भरलेलं, यंत्राने झाकण लावलेलं पाणी ते पीत होते. मी फक्त ओढून आणत होते. जालन्यात आई गल्लीभर सांगत फिरली होती. कशाचं कौतुक?

मी रडले नाही. रडायला आलं होतं. मी पेट्यांपाशी गेले आणि पहिली बाटली उघडली. गॅसचं पाणी. फस्स. दुसरी. फस्स. लोक वळून बघायला लागले.

"अगं, सगळा गॅस जाईल!" मिहिर ओरडला.

"जाऊ दे."

सगळ्या उघडल्या. शेवटच्या झाकणापर्यंत. पेले भरले, मधल्या टेबलावर मांडले. मग म्हणाले, "आता यातली एकही बाटली सीलबंद नाही. सगळीकडे माझा हात लागलाय. तहान असेल त्यांनी घ्या."

मिहिरने एक पेला उचलला. मला वाटलं, पिईल. तो पेला हातात धरून उभा राहिला. ताईंकडे पाहिलं. पेला होता तिथे ठेवला, अलगद, आवाज न करता.

मग कुणीतरी म्हणालं, "इथलं नळाचं पाणी छान असतं हो." आणि माणसं उठली. एकेक करत हॉलच्या स्वयंपाकघरात गेली. नळापाशी रांग लागली. सासूबाईही रांगेत होत्या. थोड्या वेळापूर्वी दुसऱ्या देशातल्या दोन नळांसाठी त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

टेबलावर भरलेले पेले. बुडबुडे वर येत होते, फुटत होते.

रिकाम्या हातांनी मी घरी आले नाही. डबा जड होता. आईचा फोन आला.

"पुरल्या का गं पाटवड्या?"

"कुणी खाल्ल्या नाहीत, आई." मग तिला सगळं सांगितलं. पाण्याचंही. सीलबंदचंही.

"मी गल्लीत सांगून बसले गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "जाऊ नको आता तिकडं. माय, नको जाऊ."

तिला सांगण्यासारखं तेव्हा माझ्याजवळ काही नव्हतं.

आता आहे. या आठवड्यात मंजिरीताईंचा मेसेज आला. "गेल्या वर्षीचं विसरून जाऊ या. आम्ही काही मनात ठेवलं नाही. यंदाही पाणी तुझ्याकडेच ना?"

मी उत्तर लिहिलं. ते असं:

"पाणी आणणार नाही. पाटवड्या आणीन. मधल्या टेबलावर ठेवीन, फॉइल काढून. नको असतील तर नको म्हणा, पण माइकवर म्हणा, सगळ्यांसमोर, कारणासकट. तुम्ही मराठीत सांगा. मी शेजारी उभी राहून जर्मनमध्ये सांगेन. हॉल ज्यांचा आहे त्या चर्चवाल्यांनाही कळू दे, इथे काय चालतं ते."

मग आईला फोन केला. म्हटलं, जाणार आहे.

डबा घासून ठेवला आहे.