अंगठ्याची जागा

मनोहरराव गिरडकरांनी आपल्या नोकरीत जेवढ्या आत्या मारल्या, तेवढ्या आत्या असलेलं कुटुंब अख्ख्या विदर्भात शोधून सापडायचं नाही. यातली एकही त्यांची स्वतःची नव्हती. नागपूरच्या सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत ते चौतीस वर्षं कारकून होते आणि कोणालाही रजा हवी असली की तो अर्ज लिहायला त्यांच्याच टेबलाशी येई. मनोहरराव चष्मा पुसत विचारत, "किती दिवस पाहिजे?" तीन दिवस पाहिजे असले तर आत्या आजारी पडे, आठ दिवस पाहिजे असले तर तिला इलाजच नसे.

माणूस मात्र सज्जन. कामासाठी आलेल्या कोणाचा कधी चहासुद्धा घेतला नाही. त्यामुळे आपण एक प्रामाणिक माणूस आहोत अशी त्यांची स्वतःबद्दल पक्की समजूत होती, आणि ती मोडावी असं काही निवृत्तीनंतरही सहा वर्षं घडलं नाही. त्यांच्या कामाचा नियम एकच होता: आधी कागद, मग घटना. रोपं यायच्या आत वृक्षारोपणाचा अहवाल तयार असे, आणि त्यात ब्याण्णव टक्के रोपं जगलेलीही असत. शंभर टक्के लिहिलं की वरच्या साहेबाला संशय येतो, हे त्यांचं अनुभवाचं ज्ञान. असे सगळे नमुने त्यांनी एका हिरव्या फायलीत लावून ठेवले होते. रजा, बदली, निरोप समारंभ, शोकसभेचा ठराव. नावाची जागा तेवढी मोकळी.

ही फाईल निवृत्तीनंतर मानकापूरच्या घरी कपाटात गपचूप पडली होती. ती बाहेर निघाली नातीमुळे.

मुग्धा बारावीला होती. तिला वकील व्हायचं होतं आणि तेही पुण्याच्या एका खाजगी कॉलेजातून, जिथल्या जागा मोजक्या आणि इच्छुक अमाप. प्रवेश परीक्षा पोरगी चांगली पास झाली. मग ऑनलाइन अर्जात एक रकाना आला: तुमच्यामुळे एखाद्याच्या आयुष्यात झालेला बदल, तीनशे शब्दांत लिहा.

"आबाजी, माझ्यामुळं कोणाच्या आयुष्यात काय बदल होईल?" मुग्धा रडकुंडीला आली. "दोन वर्षं मी ट्यूशन ते घर अन् घर ते ट्यूशन करून राहिली."

"समोरच्या श्वेतानं कुत्र्यांची सेवा केली म्हणून लिहिलं होतं," मुग्धाची आई, म्हणजे मनोहररावांची सून कामिनी, स्वयंपाकघरातून म्हणाली. "कुत्रा दिसला की ती पोरगी आजही रस्ता बदलते. झाली ना अॅडमिशन!"

त्याच वेळी मोरीत भांडी वाजली. बायजाबाई आल्या होत्या. बारा वर्षं रोज सकाळी इंदोरा वस्तीतून सायकलवर येऊन त्या या घरची भांडी आणि फरशी करत. मनोहररावांच्या डोळ्यांत एकदम जुनी चमक आली. कपाटातून हिरवी फाईल निघाली. तिच्यात साक्षरता मोहिमेच्या काळातला एक अहवाल होता. त्या मोहिमेत त्यांनी टेबलावर बसल्या बसल्या दोनशे चौदा माणसं साक्षर केली होती.

वीस मिनिटांत मसुदा झाला. घरी काम करणाऱ्या निरक्षर बायजाबाईंना मुग्धाने अक्षरओळख करून दिली. 'सायंकाळच्या मंद प्रकाशात थरथरत्या बोटांनी त्यांनी आयुष्यात प्रथमच स्वतःचे नाव लिहिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अश्रू तरळले.'

"पण मावशी संध्याकाळी येतच नाही," मुग्धा म्हणाली.

"मग सकाळचा कोवळा प्रकाश कर. इंग्रजीत तर तूच लिहिणार आहे ना?"

"मावशीला विचारलं काय?"

"तिले काय विचाराचं? लाभार्थ्याले कोणी विचारत नसते."

"आबाजी, पण हे खोटं आहे."

"खोटं काहून? तू शिकवू शकत होती का नाही? वेळ असता तर शिकवलं असतं का नाही?" मनोहररावांनी चष्मा पुसला. "मग? फक्त क्रियापदाचा काळ बदलला आपण."

मुग्धा पुढे वकील होणार होती, पण त्या दिवशी तिचा युक्तिवाद कमी पडला. अर्ज गेला. त्यानंतर मात्र ती बायजाबाई घरात असताना आपल्या खोलीचं दार लोटून बसू लागली आणि स्वतःचं ताट स्वतः घासू लागली. कामिनीला वाटलं, पोरीला वळण लागलं.

तीन आठवड्यांनी कॉलेजचा ईमेल आला. मुग्धाचं नाव पुढच्या फेरीत होतं. घरात संत्रा बर्फी आली. बायजाबाईंनाही दोन तुकडे मिळाले. "माही पोरगी वकील होणार वं!" म्हणत त्यांनी ओल्या हातांनीच मुग्धाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मुग्धाचा घास तोंडातच राहिला, कारण ईमेलची खालची ओळ तिने वाचली होती. ज्या व्यक्तीच्या आयुष्यात बदल झाला, तिचं पत्र शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा. खाली तिची सही किंवा अंगठा आणि मोबाईल नंबर. मुलाखतीच्या वेळी तिच्याशी फोनवर बोललं जाईल.

"त्यात काय," मनोहरराव म्हणाले. "चार ओळी."

चार ओळी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडखळले. 'मी, श्रीमती बायजाबाई' यापुढे आडनाव काय? बारा वर्षांत कधी लागलं नव्हतं. मोबाईलमध्ये पाहिलं तर नंबर 'बायजाबाई भांडी' असा होता. कामिनीला विचारलं, तिलाही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सवयीने नावाची जागा मोकळी ठेवली. पत्राच्या खाली उजव्या हाताला एक चौकोन आखला आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'अंगठा'. कोपऱ्यावरच्या दुकानातून शाईचं नवं पॅड आणलं. जुनं वाळलं होतं, आणि कामात हयगय त्यांना कधीच खपली नाही.

शनिवारी सकाळी साडेदहाला बायजाबाई भांडी आटोपून पदराला हात पुसत व्हरांड्यात आल्या. मनोहररावांनी पॅड उघडलं.

"बायजाबाई, मुग्धाच्या कॉलेजचा एक कागद आहे. इथं अंगठा लावा जरा."

"कायचा कागद हाय, काकाजी?"

"काही नाही गं बाई, पोरीच्या भल्याचा आहे."

बायजाबाईंनी कागद हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला.

"तुमचा चष्मा द्या बरं जरा," त्या म्हणाल्या. "जवळचं दिसत नाही आजकाल."

मनोहररावांचा हात आपोआप कानाकडे गेला. चष्मा देऊन झाल्यावर आपण काय दिलं हे त्यांच्या ध्यानात आलं. समोर आता नुसता एक हिरव्या लुगड्याचा ठिपका होता, आणि तो ठिपका मोठ्याने वाचत होता. कुठे अडत नव्हता, स्वल्पविरामाला थांबत होता.

"'मी, श्रीमती बायजाबाई, राहणार इंदोरा, निरक्षर असून मला माझ्या मालकांची नात कुमारी मुग्धा हिने...'"

पुढचं त्यांनी मनात वाचलं. आत कामिनीने कुकर लावला होता. शिट्टी झाली, तरी वाचणं चाललंच होतं. मनोहररावांना वाटलं, आपण चार ओळींचं एवढं लांबलचक पत्र कशाला केलं?

चष्मा नसला की माणसाला कधी कधी भलतंच दिसायला लागतं. रोज जाताना "कालचा पेपर नेऊ काय, काकाजी?" विचारणाऱ्या बायजाबाई त्यांना दिसल्या. डब्यात अंथरायला नेत असतील, असं ते बारा वर्षं समजत होते. गेल्या साली ते तापाने पडले तेव्हा पाच पाकिटांतून नेमकी दुपारची गोळी काढून देणाऱ्या बायजाबाई दिसल्या. तेव्हा ते कामिनीला कौतुकाने म्हणाले होते, "पाहा, रंगावरून ओळखते."

बायजाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत दिला.

"आडनाव राहिलं लिवाचं. सोमकुवर. अन् मी आठवी पास आहो, काकाजी."

मनोहररावांनी चष्मा चढवला.

"माह्या बापानं शिकवलं मले," बायजाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मनोहररावांना बरं वाटलं असतं. "गोविंदा नाव त्याचं. छप्पन साली दीक्षाभूमीवर आपल्या बापाच्या खांद्यावर बसून गेला होता, एवढासा. मोठा झाल्यावर लकडगंजच्या लाकडाच्या टालीवर हमाली केली जनमभर. ओंडक्यांवर आकडे अन् नावं राहत, ते पाहू पाहू अक्षरं शिकला. टालीवर हप्त्याची मजुरी घेताना सगळे अंगठा देत. माहा बाप सही करे. एकेक अक्षर काढे. मागचे लोक बोंबलत, 'अबे गोविंदा, जल्दी कर, घरी जाचं हाय!' तो म्हणे, थांबा. सही पुरी झाल्याबिगर हटे नाही."

त्या जरा हसल्या.

"घरी फळीवर कोळशानं लिवून घे माह्याकडून. म्हणे, बायजे, अंगठा लाकूड उचलाले असते, कागदावर ठेवाले नाही."

पॅडवरची शाई उन्हात चमकत होती. मनोहररावांनी हळूच झाकण लावलं. ते नेमकं टप् असं वाजलं.

"मी सही करून देईन," बायजाबाई म्हणाल्या. "पोरगी माह्या डोळ्यासमोर वाढली. तिचं नुकसान नाही व्हावं. सही पाहून ते लोक आणखी खूश होतील, चांगली येते मले. पण एक सांगा काकाजी. इथं मुग्धाचं नाव लिवलं, मंग माह्या बापाचं काय करू? त्याले कुठं ठेवू?"

त्यांनी कागद मनोहररावांच्या मांडीवर ठेवला. "तुम्ही विचार करा. तुम्ही म्हणाल तर करीन सही." आणि फरशी पुसायला उठल्या.

हेच मनोहररावांना झेपलं नाही. नाही म्हणाल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. त्यांनी मान वर केली तर दारात मुग्धा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आबाजी," ती म्हणाली, "मला नाही पाहिजे ते पत्र."

"असं काय करतेस!" कामिनी बाहेर आली. "मावशी स्वतः म्हणून राहिल्या ना, करते सही? पाच वाजेपर्यंत वेळ आहे. वर्ष वाया जाईल तुझं!"

"जाऊ दे," मुग्धा म्हणाली.

कॉलेजला कळवायचं ठरलं, ते सुद्धा रीतसर. कळवायचं म्हणजे अर्ज आला, आणि अर्ज म्हणजे आबाजी. त्यांनी हिरवी फाईल पुढून मागे चाळली, मग मागून पुढे. रजेचे सात प्रकार होते, दिलगिरीचेही तीन होते. पण जाणूनबुजून खोटं लिहिलं हे कळवण्याचा नमुना काही त्यांच्याजवळ नव्हता. शेवटी कोरा कागद घेतला. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझ्या निबंधात अनवधानाने काही चुकीची माहिती...'

मुग्धाने पेन घेऊन 'अनवधानाने' वर काट मारली.

"अनवधानानं नव्हतं, आबाजी. तुम्ही चष्मा पुसून लिहिलं होतं. अन् मी डोळे उघडे ठेवून पाठवलं."

मग तिनेच लिहिलं. पाच ओळी. बायजाबाई सोमकुवर मुळातच शिकलेल्या आहेत, त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं, माझा निबंध खोटा आहे. चार वाजून दहा मिनिटांनी तिने तो पाठवला. एवढा छोटा, एवढा साधा आणि एवढा बेकार मसुदा मनोहररावांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात एका शब्दालाही लपायला जागा नव्हती.

सोमवारी उत्तर आलं. अर्ज रद्द. खरं सांगितल्याबद्दल कौतुकाची एखादी ओळ असेल म्हणून मनोहररावांनी ते दोनदा वाचायला लावलं. नव्हती. मुग्धाला पुढे नागपुरातच एका कॉलेजात जागा मिळाली. कामिनी सासऱ्यांशी पंधरा दिवस बोलली नाही, पण चहा वेळेवर ठेवत होती, आणि तो गार होईपर्यंत सांगत नव्हती.

राहिली बायजाबाईंची माफी. मनोहरराव तीन दिवस मनात घोळवत होते. चौथ्या दिवशी त्या फरशी पुसत असताना खुर्चीत सावरून बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बायजाबाई, झाल्या प्रकाराबद्दल मी... म्हणजे सदरहू बाबतीत आमच्याकडून जो..."

"राहू द्या काकाजी," बायजाबाई पुसणं पिळत म्हणाल्या. "पाय वर घ्या जरा."

मनोहररावांनी पाय वर घेतले. खुर्चीखालची फरशी पुसली गेली. पाय वर धरून बसलेला माणूस माफी मागू शकत नाही. प्रयत्न करून पाहावा. ते तसेच बसून राहिले आणि बायजाबाई पुढच्या खोलीत गेल्या.

काम त्यांनी सोडलं नाही. बोलणंही पूर्वीसारखंच, मुग्धाची चेष्टा पूर्वीसारखीच. बदल एकच झाला. जाताना त्या पेपर मागेनाशा झाल्या. आठवडाभर मनोहररावांनी वाट पाहिली. मग एक दिवस सायकलपाशी स्वतःच पेपर घेऊन गेले. कालचा नाही, त्या दिवशीचा, स्वतः अजून न उघडलेला.

"पेपर राहिला तुमचा, बायजाबाई."

"वाचला ना मी सकाळीच," बायजाबाई सायकलचं स्टँड काढत म्हणाल्या. "घरी घेणं सुरू केलं. पहिल्या तारखेपासून."

आणि गेल्या. रागाने नाही, घाईने. त्यांना पुढचं घर गाठायचं होतं.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात आता पेपरांची थप्पी खुर्चीच्या हाताएवढी झाली आहे. रद्दीवाला दर रविवारी गल्लीतून ओरडत जातो. कामिनी म्हणते, देऊन टाका आबाजी, पाली झाल्या त्यात. मनोहरराव म्हणतात, देतो, देतो. रद्दीवाल्याचा आवाज लांब गेला की ते चष्मा काढून पुसत बसतात, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ डोळ्यांवर चढवत नाहीत.