दाखवून आणते

आमच्या ऑफिसात किस्से कोणी जमवत नाही. ते सिंकमधल्या कॉफीच्या मगांसारखे साचतात. धुवायला कोणाला वेळ नसतो, आणि रोज कोणीतरी त्यातलाच एक उचलून पुन्हा वापरतो. ऑफिस म्हणजे व्हर्जिनियातलं पब्लिक डिफेंडरचं. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांना सरकार इथून वकील देतं. मी इथल्याच हर्नडन गावात वाढले, कायदा स्वीडनमध्ये शिकले आणि २००५ मध्ये परत आले. तिथल्या पदवीवर इथे वकिली करता येत नाही, म्हणून मी वकिलांसाठी माहिती काढते, साक्षीदार शोधते. ऑफिसात मला शर्वरी कोणी म्हणत नाही. ‘स्वीडन’ म्हणतात.

*

पहिल्याच आठवड्यात कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये मी माझ्या बॉसला, मार्गारेटला विचारलं, “आरोपीला पोलिसांची फाइल कधी वाचायला मिळते?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पार्किंगमध्ये हत्ती कुठे बांधू असं विचारलं होतं.

मी सांगितलं की स्वीडनमध्ये तपास संपला की, खटला भरायचा की नाही हे ठरण्याआधी, सगळी फाइल आरोपीला दाखवतात. अमक्याला विचारायचं राहिलंय, असं तो म्हणू शकतो. मग विचारावं लागतं.

समोरच्या बाजूचा, खटले भरणारा सरकारी वकील केविन शेजारीच उभा होता. “आरोपीला फाइल?” तो म्हणाला. “मलाच माझी खटल्याच्या दिवशी सकाळी मिळते.”

आम्ही सगळे हसलो. तो विनोद नव्हता, हे मला पुढच्या महिन्यात कळलं.

*

पुढच्या महिन्यात चोरीची केस घेऊन कुसुममावशी आमच्या ऑफिसात आल्या. सांगलीच्या. मुलगा मिलिंद इथे सॉफ्टवेअरमध्ये, सून रेणुकाचं बाळंतपण जवळ आलेलं, म्हणून मावशी व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. स्वतःची कमाई शून्य, म्हणून आमच्याकडून फुकट वकील मिळायच्या हक्कदार.

झालं होतं असं. मॉलमधल्या दुकानात मावशींनी बाळासाठी टोपडं आणि मोजे निवडले. रेणुका पाय सुजले म्हणून बाहेर बाकावर बसली होती. मावशींनी काउंटरवरच्या मुलीला वस्तू वर करून दाखवल्या, बाहेर बोट केलं आणि म्हणाल्या, “दाखवून आणते.” मुलगी गोड हसली. मावशींनी वस्तू आपल्या कापडी पिशवीत टाकल्या आणि दाराबाहेर पडल्या. गार्डने तिथेच धरलं.

“अगं, आमचा दुकानदार पाच-पाच साड्या पसंतीला घरी देतो,” मावशी मला म्हणाल्या. “नाव पण विचारत नाही. आणि ती मुलगी हसली होती की!”

ही मुलगी दिवसभर सगळ्यांकडे बघून हसते, त्यासाठीच तिला पगार मिळतो, हे मी त्यांना कसं सांगणार?

*

हात वर करणं, बोट दाखवणं, हसणं, सगळं दुकानाच्या कॅमेऱ्यात असणार. मी धावत गेले. टेपवर नवीन रेकॉर्डिंग झालेलं होतं. आमच्याकडे केस येईपर्यंतच ती पुसली गेली होती.

“पोलिसांनी मागितली नाही?” मी विचारलं.

“कशाला?” मॅनेजर म्हणाला. “बाई सापडलीच होती ना.”

मी तशीच केविनकडे गेले. मार्गारेटही तिथेच होती. म्हटलं, “स्वीडनमध्ये असा तपास सरकारी वकील स्वतः चालवतो. आरोपीच्या बाजूचं जे असेल, तेही त्यालाच शोधावं लागतं. कायद्याने.”

केविन सँडविच खाता खाता थांबला. “तिच्या बाजूचंही मीच शोधायचं? मग मार्गारेट काय करते?”

“एखादा रविवार घरी राहते,” मार्गारेट म्हणाली.

*

माझं स्वीडनपुराण एकदाच बंद पडलं. मार्गारेटने विचारलं, “तिकडे जामीन किती लागतो?”

“जामीन नसतो.”

“म्हणजे?”

म्हणजे कोर्टाने आत ठेवायचं म्हटलं, तर आतच. तपास बिघडेल अशी भीती असेल, तर फोन नाही, भेट नाही, कधी कधी महिनोन् महिने एकटं. हे मला लेक्चरमध्ये दोन स्लाइड्समध्ये शिकवलं होतं.

“छान,” मार्गारेट म्हणाली. “सगळी फाइल वाचायला भरपूर वेळ.”

 तिसऱ्या दिवशी मी ते पुन्हा सुरू केलं. कारण टेप तर पुसलीच होती.

*

तारीख दोनदा पुढे गेली. दोन्ही वेळा गार्ड आलाच नाही. तिसरी तारीख मावशींची इथे राहण्याची मुदत संपल्यानंतरची होती. मग केविनने तोडगा दिला: गुन्हा कबूल करा, दंड भरा, तुरुंग नाही, ठरलेल्या विमानाने परत जा.

मिलिंदच्या घरी पिठलं-भात खाताना त्याने विषय काढला. “यार शर्वरी, जस्ट हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आई, इथे सगळे असंच करतात.”

“चोरी?” मावशींनी विचारलं.

“आई, प्लीज.”

मावशी माझ्याकडे वळल्या. “मी हो म्हटलं, तर परत यायला देतील का गं मला? नातीला बघायला?”

मार्गारेटलाही हे ठाऊक नव्हतं. मी तेच सांगितलं. नात आतल्या खोलीत रडत होती, बारा दिवसांची. रेणुका उठून गेली.

“तुझ्या त्या देशात काय करतात?”

“तिकडे असा सौदा होत नाही, मावशी. आणि आरोपी हो म्हणाला, तरी कोर्ट पुरावा बघतंच.”

“म्हणजे मी केली म्हटलं तरी विचारतात, खरंच केलीस का?”

“हो.”

“बरं आहे बाई,” त्या ताटात पाणी ओतत म्हणाल्या. “इथे नाही म्हटलं, तरी कुणी विचारत नाही.”

*

शेवटची तारीख. कबुलीसाठी केविनने ती अलीकडे आणून घेतली होती. मराठी दुभाषी मिळाला नाही, म्हणून फोनवर हिंदीवाला. जज्जांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मावशी शिकवल्याप्रमाणे उत्तरं देत होत्या. मग प्रश्न आला: ही कबुली द्यावी म्हणून तुम्हाला कोणी धमकावलं किंवा भरीला घातलं का?

“हां,” मावशी म्हणाल्या. “मेरे बेटे ने.”

जज्जांनी चष्मा काढला. मार्गारेटने पाच मिनिटं मागितली. बाहेर मिलिंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला विचारलं, “नाही म्हणायचं होतं का?”

आत गेल्यावर तोच प्रश्न पुन्हा आला. मावशी म्हणाल्या, “नहीं.” जज्जांनी आभार मानले. पुरावा कोणी बघितला नाही. पुढची केस पुकारली गेली.

जप्त केलेली कापडी पिशवी त्यांना परत मिळाली.

घरी जाताना आम्ही दूध घ्यायला थांबलो. मिलिंद गाडीतच बसला. मावशींनी दुधाचा कॅन दोन्ही हातांनी छातीसमोर धरला आणि तो सगळ्यांना दिसेल असा मिरवत काउंटरपर्यंत आल्या. पैसे दिले. पावती हातात घेतली. काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि तिने विचारलं, बॅग हवी का?

“हिला सांग, माझी पिशवी आहे,” मावशी मला म्हणाल्या. “पण ती काढू का, ते आधी विचार.”